यादीतली चौदावी ओळ

घटस्फोटाला कुठली कागदपत्रं लागतात, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. लग्नाची नोंदणी, ती नसली तर पत्रिका आणि दोघांचा एकत्र फोटो. दोघांची आधार कार्डं. मुलाचा जन्मदाखला, शाळेचं प्रगतिपुस्तक. राहत्या जागेचा पुरावा. पगाराची स्लिप, असली तर. सगळ्याच्या तीन झेरॉक्स, आणि मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवायचा नाही, आपल्या वकिलाच्याही नाही. आमच्या कारखान्यातल्या दोन मुलींना मी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं होतं. दोघींचं काम झालं. मुलं त्यांच्याजवळ आहेत.

माझी मुलगी माझ्याजवळ नाही. कागद सगळे होते. एक जास्तच होता.

मी देवासची. आमचे लोक कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे माळव्यात आले म्हणतात. मला माहीत आहेत ते माझे वडील, आणि त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते: बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील, हातमोजे. माझ्या सहीशिवाय तिथून साधा नटसुद्धा बाहेर जात नाही. एकतिसाव्या वर्षी धारला लग्न झालं तेव्हा ही नोकरी सोडली होती. नवरा सरकारी नोकरीत, डही नावाच्या गावी, ब्लॉक ऑफिसात. सोमवारी पहाटे निघायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा. घरात सासूबाई आणि मी, आणि दोन वर्षांनी मुलगी.

आम्ही वेगळे का झालो ते अर्जात आहे, अकरा परिच्छेदांत. इथे एवढंच लिहिते की आमच्यात बोलणं उरलं नव्हतं, आणि दहा वर्षांत दोनदा त्याचा हात माझ्यावर उठला. दुसऱ्यांदा उठला तो मुलीसमोर. तिसऱ्यांदाची मी वाट पाहिली नाही. पोलिसांत गेले नाही. ती चूक नंतर मोजली गेली, पण ती मोठी चूक नव्हे. मोठी चूक बैठकीत झाली.

आमच्या घरांमध्ये लग्न ठरलं की यादी लिहितात. कुणी काय द्यायचं, मानाची लुगडी किती, वऱ्हाड किती माणसांचं, सगळं एका कागदावर, मराठीत. चारही कोपऱ्यांना कुंकू लावायचं आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सह्या करायच्या. लग्न मोडायची वेळ आली तरी तीच माणसं पुन्हा बसतात आणि परतीची यादी करतात. फक्त कुंकू लावत नाहीत. हे झाल्याशिवाय कोर्टात जायचं नाही. गेलात, तर वकिलाची पायरी आधी कोण चढलं, हे पुढे दोन पिढ्या ऐकावं लागतं.

बैठक धारला थोरल्या मामांच्या घरी झाली. ते माझ्या आईचे मामा आणि माझ्या सासऱ्यांचे मावसभाऊ. लग्न त्यांनीच जमवलं होतं, तेव्हा मोडायला तेच बसले. जानेवारी होता. पुरुष सतरंजीवर, सासूबाई आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी.

"लिहितंय कोण?" थोरल्या मामांनी विचारलं. लग्नाच्या वेळी त्यांनी स्वतः लिहिली होती. आता त्यांचा हात थरथरत होता.

नवऱ्याच्या चुलतभावानं पेन पुढे ओढलं. "मामा, हिंदी में लिख दूँ? मराठी अपन से नहीं बनेगी."

"हिंदीत यादी? तुझ्या आजानं केली होती कधी?"

"आजा तो लुगडं भी पहनाते थे सबको, मामा. अब कौन पहनता है?"

दोघंतिघं हसले. माझ्या भावानं पेन घेतलं आणि एक ओळ लिहून थांबला. तोही हिंदी शाळेत शिकलेला. मला वडिलांनी घरी धडे गिरवायला लावले होते म्हणून माझं मराठी टिकलं. थोरल्या मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तिच्याकडे द्या. तिचं अक्षर चांगलं आहे."

"अरे भिया," माझा भाऊ पुटपुटला, "जिचं मोडतंय तिच्याच हातून लिहवताय?"

"मग काय झालं? जिच्या वस्तू तिलाच ठाऊक."

मी खरं तर खूश झाले. चार माणसं काहीतरी विसरतील, त्यापेक्षा आपणच लिहिलेलं बरं. मी कागद दुमडून समास पाडला आणि क्रमांक घालून लिहायला सुरुवात केली. बांगड्या, मोहनमाळ, पैंजण. शिलाई मशीन. लोखंडी कपाट. पितळेची दोन पातेली, एक परात. प्रत्येक ओळीवर थोडं बोलणं, थोडी घासाघीस, मग पुढची ओळ. तेरावी ओळ कपाटातल्या लॉकरच्या किल्लीची होती.

"आणि पोरीचं?" कुणीतरी विचारलं.

पोरीचं आधीच बोलणं झालं होतं. ती आठ वर्षांची, तिसरीत. मार्चमध्ये परीक्षा. देवासला भावाच्या दोन खोल्यांत मला सतरंजीपुरती जागा होती आणि नोकरी परत मिळायची होती. तोवर तिनं धारलाच राहावं, परीक्षा झाली की माझ्याकडे यावं. हे मीच सुचवलं होतं. व्यवहाराचं होतं.

मी लिहिलं: "१४. मुलगी धारला आजीजवळ राहील."

मग पेन उचलून विचारलं, "परीक्षेपर्यंत, असं लिहू ना पुढे?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडू लागल्या. नवरा म्हणाला, "म्हणजे आत्तापासून तारखा?" थोरल्या मामांनी हात वर केला.

"ही घरची यादी आहे, कोर्टाचा कागद नाही. माणसांचं कशाला लिहायचं इतकं? माझा शब्द आहे. एप्रिलात मी स्वतः पोरीला देवासला नेऊन सोडतो."

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर. त्यांच्यापुढे एक शब्द जास्त लिहिणं म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका घेणं. मी पंधराव्या ओळीवर गेले. पंधरावा मिक्सर होता.

दोन प्रती केल्या, दोन्ही माझ्याच हातच्या. सगळ्यांनी सह्या केल्या. एक प्रत त्यांना, एक मला.

एप्रिलात थोरल्या मामांचा फोन आला. ऊन फार आहे, पोरीला कशाला फिरवायचं, जूनमध्ये बघू. जूनमध्ये कळलं की चौथीचा प्रवेश धारलाच झाला आहे. मी नवऱ्याला फोन केला. तो डहीला होता, मागे ऑफिसातलं कुणी बोलत होतं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू लिहून दिलंयस." मग फोन ठेवला. इतक्या शांतपणे तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

बाईला सरकारी मदतीचा वकील फुकट मिळतो, स्वतःची कमाई असली तरी मिळतो, हे मला एकेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते स्टोअरला माल घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरनं. त्याच्या बहिणीला मिळाला होता. मी एक दिवसाची रजा टाकली, फाइल केली, इंदूरला बस बदलून धारला गेले. देवासला नव्हे, धारला, कारण मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात करावा लागतो. घटस्फोट आणि पोटगीचे अर्ज देवासला चालले असते, आणि पुढे चाललेही. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच दोन गावं, दोन फायली.

कोर्टाच्या आवारातल्या त्या ऑफिसात एक पानी फॉर्म भरला आणि पंधरा दिवसांनी मला वकील मिळाली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बाग गावची मुलगी. कॉलरला पेन, पायात साध्या चपला. तिनं माझी फाइल उघडली, रंगीत चिठ्ठ्या लावलेले भाग पाहिले आणि हसली.

"दीदी, इतना तैयार होकर तो मेरे सीनियर भी नहीं आते."

मला बरं वाटलं. त्या सबंध वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं असेल.

"बैठक-वैठक हुई थी? कुछ लिखा-पढ़ी?"

मी यादी काढून दिली. तिला मराठी येत नव्हतं, पण अक्षरं तीच, त्यामुळे वाचता येत होतं. तिचं बोट एकेक ओळ उतरत चौदाव्या ओळीवर थांबलं.

"ये किसने लिखा?"

"मैंने."

"मतलब साइन आपके हैं."

"साइन भी मेरे. लिखा भी मैंने. दोनों कॉपी."

तिनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "किसी ने ज़बरदस्ती की थी?"

"नहीं. मेरे अक्षर अच्छे हैं, इसलिए मुझे दिया."

"हाँ," कागदाकडे बघत ती म्हणाली, "अच्छे तो हैं."

तिनं यादी परत फाइलमध्ये लावली. मग तिनं सांगितलं की कागदाशी ती लढेल. आईनं चार माणसांत काही लिहून दिलं म्हणून मुलावरचा हक्क जात नाही, मुलाचं भलं कशात ते कोर्ट बघतं. "पेपर से नहीं, टाइम से डर लगता है मुझे," ती म्हणाली. "बच्चा जहाँ टिक गया, वहाँ से उसको कोई जल्दी हिलाता नहीं. जज भी क्यों हिलाए?"

"कितना टाइम?"

"आप एक डायरी बना लो, दीदी."

डायरी केली. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला काय झालं. ती माझ्यापुढे आहे. नोटीस मिळाली नाही. नोटीस मिळाली, वकील आला नाही. उत्तरासाठी मुदत. उत्तर आलं, सोबत यादीची झेरॉक्स आणि तिचं हिंदी भाषांतर. समुपदेशन: तो आला नाही. समुपदेशन: आला, बोलला नाही. वकिलांचा संप. न्यायाधीशांची बदली. माझी वकील बाळंतपणाच्या रजेवर. दुसरी मिळायला अडीच महिने. तिला फाइल वाचायला एक तारीख. पहिली परत आली, तिची एक तारीख. कुणी मुद्दाम केलं असं एकही पान नाही. प्रत्येक कारण खरं होतं. मी स्वतः दोन तारखा मागून घेतल्या आहेत, एकदा डेंग्यू झाला म्हणून, एकदा वार्षिक स्टॉक तपासणी होती म्हणून. बाकी सगळं तसंच सरकत होतं आणि मुलगी चौथीतून पाचवीत गेली, पाचवीतून सहावीत.

घटस्फोट सगळ्यात सोपा निघाला. दुसऱ्या वर्षी दोघांच्या संमतीनं देवासला झाला. बाहेर येऊन तो म्हणाला, "चहा घेणार?" मी नाही म्हणाले. पोटगीचा माझा अर्ज नोकरीमुळे फेटाळला गेला, आणि मुलगी त्याच्याकडे, म्हणून तिच्या खर्चाचा प्रश्नच नव्हता. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती आणि ती धारच्या फाइलमध्ये होती.

निकाल लागेपर्यंत महिन्यातले दोन शनिवार मिळाले, पहिला आणि तिसरा, दोन-दोन तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. भिंतीवर फुगे रंगवलेले, प्लास्टिकच्या लहान खुर्च्या, एक चाक गेलेली मोटार. सुरुवातीला मी जाताना काय काय न्यायचं ते ठरवून ठेवायची: तिला आवडतात तसे शेव घातलेले पोहे, केसांचे क्लिप, मराठी गोष्टींचं एक पुस्तक. पहिल्या शनिवारी ती दारातूनच ओरडली, "आई, तू किती वाळलीस गं!" आणि मांडीवर येऊन बसली. निघताना माझी ओढणी सोडेना. सासूबाई बाहेर बाकावर असायच्या. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे लिहायला पाहिजे. टोचून बोलायच्या. "आल्या आमच्या सूनबाई, कोर्टाच्या कारकून," असं बाकावरून ऐकू येईल इतक्या आवाजात. घटस्फोट झाल्यावरही सूनबाईच म्हणायच्या. पण मुलीच्या केसांना तेल, गणवेशाला इस्त्री, डब्यात रोज वेगळी भाजी. मुलीचा ताबा बापाला म्हणजे त्यांनाच, बाप डहीला. एकदा खोलीचं दार उघडायची वाट पाहत आम्ही दोघीच उभ्या होतो.

"अगं, तू तरणी आहेस, कमावतेस," त्या म्हणाल्या. "मी ह्या पोरीला सोडून काय करू, भिंती बघू?"

"आणि मी?"

"तू लिहून दिलंस ना बाई."

भांडणाचा सूर नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिसऱ्या वर्षी पोहे परत यायला लागले. "अभी खाकर आई हूँ." मराठी गोष्टींचं पुस्तक तिला वाचता येत नव्हतं, चौथ्या ओळीला ती कंटाळायची. मी हिंदी पुस्तकं न्यायला लागले. मग मोबाइलवर तिच्या मैत्रिणींचे फोटो बघायचे, एवढंच करायला लागलो. एका शनिवारी ती म्हणाली, "आप अगली बार मत लाना कुछ, बैग भारी हो जाता है." घरी आजीला ती अगं-तुगं करते. मला आप म्हणाली. शिक्षिकांना म्हणतात तसं, आदरानं. मी बरं म्हटलं.

माझी साक्ष त्या उन्हाळ्यात झाली. त्याचा वकील वयस्कर, सभ्य माणूस, एकदाही आवाज चढवला नाही.

"ये हस्ताक्षर आपके हैं?"

"हाँ."

"और ऊपर की लिखावट?"

"मेरी है."

"पूरी? एक से अठारह तक?"

"हाँ."

"आप स्टोर में काम करती हैं. वहाँ कोई चीज़ दें, तो वापस कब आएगी, लिखती हैं?"

"लिखती हूँ."

"हमेशा?"

"हमेशा."

"यहाँ नहीं लिखा."

मी सांगितलं की परीक्षेपर्यंत असं ठरलं होतं, थोरल्या मामांनी शब्द दिला होता. ते नोंदवलं गेलं. वकील मान हलवत खाली बसला. त्याला पुढे विचारायची गरज नव्हती.

म्हणून थोरल्या मामांना आणायचं ठरलं. मी त्यांच्या घरी गेले. ते बिछान्यावर बसून होते, कानात यंत्र. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी.

"मला कोर्ट दाखवू नकोस, पोरी. सगळं आयुष्य गेलं, त्या दारात पाय ठेवला नाही."

"खरं तेवढंच सांगायचं, मामा. परीक्षेपर्यंत म्हणाला होतात."

"दोन्ही घरं माझीच आहेत गं."

"मग मुलगी कुणाची आहे?"

त्यांनी कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं. पण आले. नातवानं हाताला धरून आणलं. काळी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. साक्षीदाराच्या जागी त्यांना खुर्ची दिली. माझ्या वकिलानं सरळ विचारलं, बच्ची परीक्षा तक रहेगी, ऐसी बात हुई थी? मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे. न्यायाधीशबाईंनी प्रश्न परत सांगितला, हळू, मोठ्यानं.

"बैठक में बातें तो बहुत होती हैं, साहब," मामा म्हणाले. "जो लिखना था, वो लिख दिया."

बाहेर व्हरांड्यात ते माझ्यासमोरून गेले. टोपी काढून हातात घेतली होती. मी वाकून नमस्कार केला. का केला, माहीत नाही; लहानपणापासूनची सवय. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

शेवटी न्यायाधीशबाईंनी मुलीला आपल्या खोलीत बोलावलं. आम्हाला कुणालाच आत जाऊ दिलं नाही. वीस मिनिटं. आत चॉकलेट दिलं असावं, कारण बाहेर आली तेव्हा कागद मुठीत होता. माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मैंने बोल दिया."

"काय बोललीस?"

"कि मुझे यहीं रहना है. स्कूल यहाँ है. आजी की आँख में ड्रॉप मैं ही डालती हूँ, बाबा तो रहते नहीं." मग खाली बघून, "आप गुस्सा हो?"

"नाही गं."

"पहले साल पूछते न, तो मैं आपके साथ आ जाती."

तिला ते लागेल असं बोलायचं नव्हतं. बारा वर्षांची मुलगी, हिशेब नीट सांगत होती. मी तिच्या हातातला चॉकलेटचा कागद घेतला आणि टोपलीत टाकला.

निकाल एप्रिलमध्ये लागला. ताबा वडिलांकडे. मला महिन्यातले दोन रविवार, आणि उन्हाळ्याच्या सुटीतले पंधरा दिवस देवासला. निकालपत्रात माझ्याबद्दल वाईट एक शब्द नाही. आई सक्षम आहे, प्रेमळ आहे, असंच लिहिलं आहे. यादीवर एकच परिच्छेद. बाकी सगळं मुलगी चार वर्षं जिथे स्थिर आहे त्याबद्दल. माझ्या वकिलानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच, फक्त जास्त पानांत. ती रडली. मी नाही. "दीदी, तीस दिन हैं," ती म्हणाली. "इंदौर में अपील करो. मैं वकील बता देती हूँ."

मी अपिलाचे कागद तयार केले. त्यात मला एक आठवडा लागला. इंदूरच्या वकिलाकडे शुक्रवारी चारची वेळ घेतली, मुदतीच्या दोन दिवस आधीची. आणि मधल्या काळात मे महिन्यात मुलगी पंधरा दिवसांसाठी देवासला आली.

आता माझ्याकडे भाड्याचा एक फ्लॅट होता, तिच्यासाठी वेगळी खोली. फ्लॅट घेतल्यापासून ती रिकामीच ठेवली होती. पलंग, टेबल, खिडकीला पडदे. ती आत गेली, बघितलं आणि "अच्छा है" म्हणाली. पहिल्या दिवशी टेकडीवर देवीला गेलो. दुसऱ्या दिवशी कपडे घेतले. तिसऱ्या दिवशी ती फोनवर होती. मी विचारलं की ती हो म्हणायची, हसायची, ताट स्वतः धुवायची. पाहुण्यांकडे नीट वागावं अशी शिकवण होती तिला. चौथ्या दिवशी दुपारी नळ बराच वेळ चालू राहिला म्हणून मी न्हाणीघराच्या दाराशी गेले. नळाच्या आवाजाखाली ती रडत होती. मला ऐकू येऊ नये म्हणून.

मी दार वाजवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती डोळे धुऊन बाहेर आली.

"घरी जायचंय?" मी विचारलं.

तिनं टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाली, "आपको बुरा लगेगा."

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळच्या बसनं निघालो. अपिलाची फाइल माझ्या पिशवीत होती. इंदूर येईपर्यंत ती गप्प होती. इंदूरला बस बदलली, आणि धारचा रस्ता लागला तशी ती बोलायला लागली. कुठल्या मैत्रिणीनं कुणाशी अबोला धरलाय. वर्गशिक्षक शिंकतात कसे. एकदा तर हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधेच माळवी. त्या पाच दिवसांत मला जे हवं होतं, ते सगळं त्या दोन तासांत मिळालं, कारण ती परत चालली होती.

घाटाबिल्लोदच्या पुढे तिनं विचारलं, "अब फिर से जज मैडम को बोलना पड़ेगा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबा बोले, आप इंदौर वाला केस करोगी."

"नको वाटतं?"

"हर बार वही पूछते हैं. मैं हर बार किसी एक को ना बोलती हूँ."

मी म्हटलं, "नाही बोलावं लागणार."

धारच्या स्टँडवर तिचा बाप मोटारसायकल घेऊन उभा होता. सुटी टाकून आला होता. पिशवी घेतली, मला पाण्याची बाटली दिली. ती मागे बसली, एका हातानं त्याचा शर्ट धरला, दुसऱ्या हातानं मला टाटा केला. मी गाडी वळेपर्यंत थांबले आणि परतीच्या बसमध्ये चढले.

इंदूरला साडेतीन वाजले होते. वकिलाचं ऑफिस स्टँडपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

"सोमवार को आ जाइए," पलीकडून मुनशी म्हणाला. "नहीं, सोमवार को तो टाइम निकल जाएगा. आज ही आइए, मैडम."

"निकलने दीजिए," मी म्हटलं.

देवासची बस भरायची होती. मी खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर. शेजारी एक बाई येऊन बसली, दोन गाठोडी पायाशी ठेवली आणि मला न्याहाळून विचारलं, "कहाँ से आ रही हो, बाई?"

"धार से."

"पीहर है?"

"नहीं. बेटी है वहाँ."

"ब्याह दी?"

"नहीं, बारह साल की है."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, गाठोडी जरा जवळ ओढून घेतली आणि तोंड समोर वळवलं.